ध्वनिमुद्रिकेत न मावलेलं

गाण्यांचा एखादा संग्रह चांगला की सुमार, हे ठरवताना आपण त्यात काय आहे ते पाहतो. वेगवेगळ्या प्रकारच्या मुद्रिका ऐकता ऐकता मला मात्र दुसरा प्रश्न अधिक उपयोगाचा वाटू लागला: तिने बाहेर काय ठेवलं, आणि ते जाणून ठेवलं का? भक्तिसंगीत, भावगीत आणि चित्रपटसंगीत यांतली एकेक मुद्रिका या निकषावर तपासून पाहतो. माझा कान कऱ्हाकाठच्या जिराईत गावात घडला आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिली ‘अभंग तुकयाचे’. संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज लता मंगेशकरांचा. तुकोबांची पालखी उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आमच्या मुलखातून जाते. या वाटेवर अभंग एकट्याचा नसतोच. एकाने चरण म्हणायचा, टाळकऱ्यांनी तो उचलायचा, आणि लय चालणाऱ्या पायांची. खळ्यांनी ही सगळी गर्दी बाहेर ठेवली. आमचे वडील दिंडीत टाळ धरणारे. मुद्रिका ऐकून ते एवढंच म्हणाले, “ग्वाड हाय. पण टाळ कुठं वाजवायचा?”

बरीच वर्षं मी त्यांच्याच बाजूने होतो. ‘भेटी लागी जीवा’ हा अभंग गाथेत पुन्हा वाचला, तेव्हा मत बदललं. त्यात पौर्णिमेच्या चंद्रासाठी झुरणारा चकोर आहे, भुकेलं बाळ आहे आणि दिवाळीला माहेरचं मूळ येईल म्हणून वाटेकडे डोळे लावून बसलेली सासुरवाशीण आहे. तिघंही एकटी आहेत. त्या संथ चालीत, एकाच आवाजात ते एकटेपण जसं उमटतं, तसं दिंडीच्या गजरात उमटणार नाही. खळ्यांनी गर्दी वगळली ती अभंगाचा अर्थ ओळखून.

दुसरी 1998 ची ‘गारवा’. सौमित्र यांच्या कविता, त्यांचंच कवितावाचन. चाली आणि गायन मिलिंद इंगळे यांचं. आधी बोललेली कविता, मग गाणं, या रचनेमुळे संग्रहाला सलग धागा मिळाला. कॅसेट पुढेमागे न करता ऐकावी, असा हा ऐवज. तरी माझी एक तक्रार आहे. इथे पाऊस येणार हे गृहीतच धरलेलं आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी ज्यांच्या शिवारात खेळतं त्यांची गोष्ट निराळी. सुपे, मोरगाव, कऱ्हाटीकडे ढग जमतात आणि पुढे निघून जातात. कवीने दुष्काळावर लिहायलाच हवं असं मी म्हणत नाही. पण पाऊस न येण्याची धास्तीच नसेल, तर त्याच्या येण्याची गोडीही थोडी एकसुरी होते. ‘गारवा’ने ही धास्ती वगळली ती ती ठाऊक नसल्यामुळे, असं मला वाटतं.

तिसरी ‘सैराट’ (2016). अजय-अतुल यांची चारच गाणी, वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण थेट हॉलिवूडमधलं. उजनीच्या पाण्याच्या अलीकडे आमचा इंदापूर तालुका, पलीकडे हा चित्रपट जिथे घडतो तो करमाळा. ज्या बोलीला शहरात गावंढळ म्हणून हसलं जातं, तिच्यामागे व्हायोलिनांचा ताफा उभा राहिला, ही लहान गोष्ट नाही. काही ठिकाणी तो ताफा भावनेवर कुरघोडी करतो. तरी ‘याड लागलं’ मधला भांबावलेपणा खरा आहे.

मात्र नागराज मंजुळे यांनी चित्रपटाचा शेवट नि:शब्द ठेवला आहे. जात मोडून संसार मांडलेल्या दोघांचा खून होतो आणि पडद्यावरचा आवाजच थांबतो. ही शांतता मुद्रिकेत नाही, असूही शकत नाही. परिणाम असा, की जात आणि पत्रिका बघून जमवलेल्या लग्नांच्या वरातीत आमच्याकडे ‘झिंगाट’ दणाणतं. अशा वरातीत मीही नाचलो आहे.

याचा दोष मी संगीतकारांना देत नाही. खळ्यांनी वगळलेली गर्दी मला आषाढात बारामतीच्या रस्त्यावर पुन्हा भेटते. ‘गारवा’तून सुटलेली धास्ती दर जूनमध्ये घरीच असते. ‘सैराट’मधून सुटलेली शांतता मात्र ऐकणाऱ्यालाच आठवणीने सोबत न्यावी लागते, आणि वरातीत आम्ही नेमकी तीच घरी ठेवून येतो.