नेम आणि आकडा

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही उघडतात. आमच्या राजुरात पेढीवाले थोडे. खाणीवर जाणारे, चुन्याच्या भट्ट्यांवर राबणारे आणि कापूस पिकवणारेच फार. तरी गेल्या पाडव्याला आमच्या घरात एक नवी वही आली. हळदकुंकवाची बोटे लावून ती पाटावर ठेवण्यात आली, आणि संध्याकाळी फराळाच्या ताटाबरोबर माझ्या हाती देण्यात आली. वही माझ्या भाच्याची. तो वणीजवळच्या एका खुल्या कोळसा खाणीत अवजड वाहन चालवतो, आणि उरलेल्या वेळात पायी धावतो, सायकल हाणतो, नदीला पाणी असले म्हणजे पोहतो. या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ एक, मध्ये न थांबता करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. आणि मॅरेथॉनच्या बेचाळीस किलोमीटरांनी ज्यांचे समाधान होत नाही, त्यांच्यासाठी अल्ट्रामॅरेथॉन असते. भाच्याला दोन्हींचा नाद आहे.

पहिल्या पानावर लाल शाईने ‘हंगामाची ध्येये’ असे लिहून खाली चार कलमे होती. मुंबईची मॅरेथॉन चार तासांच्या आत. पन्नास किलोमीटर सहा तासांच्या आत. गोव्यातली अर्धी आयर्नमॅन सात तासांच्या आत. शंभर किलोमीटर तेरा तासांच्या आत. संपले.

“मामा, तुम्ही लोकांच्या पुस्तकांवर लिहिता. एकदा माझ्या वहीवर लिहा ना,” तो म्हणाला. मी हसलो. “काहून हसता? आकडा खोटं बोलत नाही.”

तो हात धुवायला गेला तेव्हा भाचसून करंज्यांचे ताट घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “मामाजी, तुमचं ऐकतात ते. मागच्या वर्षीवानी नको आता.” मागच्या वर्षी तो अंगात ताप असताना धावला होता. ठरवलेल्या वेळेच्या आत पोचलाही होता. त्यानंतर पाच आठवडे गुडघा सुजवून घरी बसला, शिल्लक रजा संपली, पुढे पगार कापला गेला आणि लेकीची शाळेची फी माझ्या बहिणीने तिच्या पेन्शनीतून भरली. म्हणजे या वहीवर अभिप्राय मागणारे दोघे होते. एकाला शाबासकी हवी होती, दुसरीला बंदी. टीकाकाराने या दोहोंपैकी काहीच देऊ नये, असे मी आयुष्यभर वर्गात शिकवीत आलो; पण वर्गात शिकवणे सोपे असते.

एखाद्या कृतीचे मोल कळेनासे झाले, की तिच्याशेजारी त्याच जातीची दुसरी कृती ठेवून पाहावी, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. मी हारुकी मुराकामी या जपानी कादंबरीकाराचे धावण्याविषयीचे आत्मकथन कपाटातून काढले. ते जपानीत २००७ साली आणि इंग्रजीत पुढच्या वर्षी आले. शीर्षकाची धाटणी त्याने रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराच्या एका कथासंग्रहावरून घेतली आहे. मुराकामी पूर्वी जॅझ संगीताचे एक मद्यगृह चालवीत असे. लेखनावर पोट भरायचे ठरल्यावर बैठे काम वाढले, वजनही वाढू लागले आणि १९८२ च्या सुमारास, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तो धावू लागला. पुढच्याच वर्षी भर उन्हाळ्यात ग्रीसमध्ये अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत तो एकटा धावला. म्हणजे दंतकथेतल्या त्या निरोप्याची वाट त्याने उलट्या दिशेने तुडवली.

या पुस्तकाचे बलस्थान त्याच्या प्रांजळपणात आहे. नायक होण्याची लेखकाला हौस नाही. ट्रायथलॉनमध्ये पोहताना श्वास अडून शर्यत सोडावी लागली, वय वाढले तसे मॅरेथॉनला लागणारा वेळ वाढत गेला, हे तो स्वच्छ सांगतो. त्यातले शंभर किलोमीटरच्या शर्यतीचे प्रकरण मला सगळ्यांत मोलाचे वाटते. होक्काइदो बेटावरच्या सारोमा सरोवराच्या काठी, जून १९९६ मध्ये, तो ही शर्यत धावला. त्याचा पण एकच होता: चालायचे नाही. पंचावन्न किलोमीटरांवर थांबून त्याने कपडे बदलले. पुढे पाय नकार देऊ लागले. तरी तो रखडत धावत राहिला. पंचाहत्तराव्या किलोमीटरच्या आसपास आपण कशातून तरी आरपार गेलो, असे त्याला वाटले. ११ तास ४२ मिनिटांनी तो पोचला. पण पाळला.

अशी कथा सामान्य लेखकाने इथेच संपवली असती. मुराकामी पुढे सांगतो, की त्या शर्यतीनंतर धावण्याची त्याची गोडीच गेली. शरीर बरे झाले, मन परतले नाही. धावणे पूर्वीसारखे आपोआप होईना. पुढे तो ट्रायथलॉनकडे वळला, त्यामागेही हाच ओसरलेला उत्साह होता. ध्येय गाठले, आणि ज्या आवडीपोटी ते ठरवले होते, ती आवडच वाटेत कुठे तरी गळून पडली.

याच पुस्तकात दुसरीकडे तो आपल्या लेखनाची एक शिस्त सांगतो: आज आणखी लिहिता येईल असे वाटत असतानाच रोज लेखणी खाली ठेवावी, म्हणजे उद्याचे काम सुरळीत सुरू होते. ही शिस्त आणि सारोमाचा तो दिवस मला एकमेकांशेजारी ठेवावेसे वाटतात. लेखनात जो माणूस रोज उद्यासाठी थोडे शिल्लक ठेवतो, त्याने धावण्यात एक दिवस सारे खर्चून टाकले, आणि उद्या रिकामा निघाला. पुस्तकाचा खरा आशय मला या दोन जागांच्या मधल्या फटीत सापडतो.

या पुस्तकात मला एक उणीवही जाणवते. ते फार एकट्याचे आहे. पत्नी अधूनमधून दिसते, पण घर दिसत नाही. आमच्याकडे एक माणूस पहाटे चारला धावायला उठतो तेव्हा सारे घर अर्धे जागे होते. कोणी चहा टाकते, कोणी दाराची कडी लावून घेते, कोणी तो परत येईपर्यंत पडल्यापडल्या कोळशाच्या ट्रकांचे आवाज मोजत राहते. भाच्याच्या वहीतही नेमकी हीच उणीव होती. चार कलमांत सहा आकडे होते आणि माणूस एकही नव्हता.

हे आकडे तरी कुठून आले? आयर्नमॅनचे अंतर आज जगभर धर्माज्ञेसारखे पाळले जाते: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल, ४२.२ किलोमीटर धावणे. त्याचा उगम हवाईतल्या ओआहू बेटावर झालेल्या एका वादात आहे. पोहणारा, धावणारा आणि सायकलवाला यांत अधिक दमदार कोण, असा तो वाद. जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने आणि त्याची पत्नी ज्युडी हिने तोडगा काढला: बेटावर आधीच तीन स्पर्धा होत्या, त्या एकीला एक जोडल्या. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण निघाले, बारा पोचले. पहिला आलेला गॉर्डन हॉलर याला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. एका बेटाचा घेर आणि एका गावचा समुद्रकिनारा, एवढेच त्या पवित्र आकड्यांचे मूळ आहे. आपल्या मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिचला हेच अंतर १५ तास १९ मिनिटांत पार केले. हॉलरपेक्षा साडेतीन तास अधिक लागले म्हणून त्यांचे यश उणे झाले, असे कोणी म्हणणार नाही.

दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही शर्यत याहून बोलकी आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅपहॅमने मृत सोबत्यांच्या स्मरणार्थ ती १९२१ मध्ये सुरू केली. सुमारे नव्वद किलोमीटर, आज मुदत बारा तास. बारा तास पुरे होताच पाठमोरा उभा असलेला माणूस बंदुकीचा बार काढतो आणि वाट बंद होते. एक पाऊल मागे राहिलेल्यालाही पदक नाही. बार काढणारा पाठमोरा का, तर येणाऱ्याचा चेहरा पाहून त्याचा हात थांबू नये म्हणून. आकड्याचे संपूर्ण तत्त्वज्ञान या एका पाठीत आहे. त्याच शर्यतीत नऊ तासांच्या आत येणाऱ्याला मिळणारे पदक मात्र बिल रोवनच्या नावाचे आहे. १९२१ चा तो विजेता ८ तास ५९ मिनिटांत पोचला होता. तिथे आकड्याला निदान एका माणसाचे नाव मिळाले.

आता दुसरी बाजू. आकड्याची टवाळी करणे सोपे आहे, आणि आम्हां मराठी लेखकांना ती विशेष गोड लागते. लगेच आम्ही वारीचा दाखला देतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर माणसे चालतात, कोणी घड्याळ लावत नाही, पहिला कोण आला हे कोणी विचारत नाही. त्यांचा तो नेम असतो. हे खरेच आहे. पण शर्यत म्हणजे वारी नव्हे, आणि नेमाच्या नावाखाली आळसही खपून जातो. भाचा म्हणाला ते अगदीच खोटे नव्हते. अमेरिका आडवी पार करणाऱ्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या सुमारे ४,८०० किलोमीटरांच्या सायकल शर्यतीत एकट्याने उतरणाऱ्याला बारा दिवसांची मुदत असते. नाशिकचे लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांना २०१६ मध्ये ती पुरी करता आली नाही. २०१७ मध्ये ते पुन्हा गेले आणि पोचले. त्याच वर्षी आमच्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. अमित समर्थही पोचले. २०१६ चा आकडा निष्ठुर होता, पण खरा होता. तो नसता, तर २०१७ ची तयारी कशाच्या आधाराने झाली असती?

तेव्हा आकडा काढून टाका, असे मी म्हणणार नव्हतो. माझी तक्रार ‘हंगाम’ या शब्दापाशी येऊन थांबली. भाच्याने तो सहज लिहिला होता. पण आमच्या काळ्या मातीत त्या शब्दाला वजन आहे. मृग लागताना कपाशीवाला शेतकरी एकरी किती क्विंटल निघेल हे मनात धरतो, तोंडाने बोलत नाही. बोलतो ते बियाण्याविषयी, निंदणीविषयी, डवरणीविषयी, पाऊस लांबला तर दुबार पेरणी करावी लागेल त्याविषयी. जे आपल्या हातात आहे त्याची तो कलमे करतो. नसलेल्याची प्रार्थना करतो. आणि एका हंगामाच्या हव्यासापायी जमिनीचा कस संपवणाऱ्याला गाव शहाणा म्हणत नाही. भाच्याच्या वहीत फक्त वेचणी होती. पेरणी नव्हती, निंदणी नव्हती, पुढच्या वर्षीची जमीन नव्हती.

हे सारे मी त्याला भाऊबिजेच्या दिवशी, माझ्या बहिणीसमोर वाचून दाखवले. तो गंभीरपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे चार तास खोडू?” मी म्हटले, खोडू नकोस. प्रत्येक आकड्याखाली दोन ओळी मोकळ्या सोड. एकीत लिही, तो आकडा यावा म्हणून आठवड्याला काय करणार. दुसरीत लिही, तो आकडा नाही आला तर काय करणार. आणि ताप असला तर काय नाही करणार. भाचसून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “आणि रजा किती घेणार तेही लिहा म्हणावं.” माझ्या सगळ्या समीक्षेत एवढे नेमके वाक्य नव्हते.

वही चार दिवसांनी परत आली. शंभर किलोमीटरचे कलम त्याने खोडले नव्हते, पण समोर ‘पुढल्या वर्षी बघू’ असे लिहिले होते. गोव्याच्या कलमाखाली वेळेऐवजी ‘निर्गुडेला पाणी आहे तोवर आठवड्यातून तीनदा पोहणे’ असे होते. मुंबईचे चार तास मात्र लाल शाईत तसेच होते, उलट अधोरेखित केलेले. मला थोडे वाईट वाटले. मग वाटले, माणसाकडे एखादा तरी हट्ट असू द्यावा.

मुराकामीने आपल्या थडग्यावर काय कोरावे हे सुचवून ठेवले आहे. निदान शेवटपर्यंत चालला तरी नाही, अशा अर्थाचे. मला ते वाचताना नेहमीच कौतुक वाटत आले. भाच्याच्या त्या अधोरेखित चार तासांखालच्या मोकळ्या जागेत, लाल नव्हे, साध्या निळ्या शाईने, एक ओळ होती. मुंबईची शर्यत रविवारी असते. ओळ अशी: ‘परतल्यावर पहिल्या पाळीला घरापासून पायी चालत जायचे. लेकीला वाटेत शाळेत सोडायचे.’

त्या ओळीवर मी अभिप्राय दिला नाही. वहीवर तारीख टाकली आणि सही केली.