कंपायलरचा फ्रंट-एंड आणि ऑपरेटिंग सिस्टिम : अध्यापन-साहित्याची एक समीक्षा

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमात कंपायलर हा विषय अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातल्या त्यात फ्रंट-एंडचा भाग मात्र सोपा समजला जातो. शब्दविश्लेषण, वाक्यविश्लेषण आणि अर्थविश्लेषण या क्रमाने तो शिकविला जातो. एलएल आणि एलएएलआर पद्धतींचे तक्ते कागदावर बिनचूक भरता आले की विद्यार्थ्याला विषय समजला असे मानले जाते. हा भाग शिकविताना वर्गात एक विधान हमखास केले जाते. ते असे की, फ्रंट-एंड भाषेवर अवलंबून असतो, यंत्राशी संबंध येतो तो केवळ बॅक-एंडचा. उत्तरपत्रिकेत हे विधान दोन गुण मिळवून देते. तेच विधान घेऊन एखादा विद्यार्थी प्रत्यक्ष फ्रंट-एंड सोर्स कोडपासून उभा करावयास बसला, आणि तेही लिनक्स, विंडोज व मॅक अशा भिन्न प्रणालींवर, तर ते किती टिकते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी महाराष्ट्रात निर्माण झालेले कंपायलरविषयक अध्यापन-साहित्य आणि क्लँग या फ्रंट-एंडच्या अधिकृत उभारणी-सूचना यांचा येथे एकत्रित विचार केला आहे.

पाठ्यपुस्तकातील विभागणी

धनंजय ढमढेरे हे आयआयटी मुंबईत प्राध्यापक होते. त्यांचे 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स' हे पुस्तक भारतातील अनेक पिढ्यांनी अभ्यासले आहे. भाषाप्रक्रिया म्हणजे स्रोत-प्रोग्रॅमचे विश्लेषण आणि लक्ष्य-प्रोग्रॅमचे संश्लेषण, ही त्यातील मांडणी इतकी सुटसुटीत आहे की ती एकदा वाचल्यावर विसरता येत नाही. हेच तिचे बळ आणि हीच तिची अडचण. अहो, सेठी व उलमन यांच्या १९८६ च्या ग्रंथातही अशीच विभागणी आढळते. परंतु त्या ग्रंथकारांनी शब्द जपून वापरले आहेत. फ्रंट-एंड हा 'प्रामुख्याने' स्रोतभाषेवर अवलंबून आणि लक्ष्य-यंत्रापासून 'बहुतांशी' स्वतंत्र असतो, अशा आशयाचे त्यांचे विधान आहे. वर्गातल्या टिपणांत आणि बाजारातल्या प्रश्नोत्तर-संचांत येईपर्यंत 'प्रामुख्याने' आणि 'बहुतांशी' हे दोन्ही शब्द गळून पडले. मूळ ग्रंथकारांना यासाठी दोष देता येणार नाही.

दुसरी विसंगती अधिक ठळक आहे. अभ्यासक्रमात वाक्यविश्लेषणाचे साधन म्हणून याक अथवा बायसन यांना मानाचे स्थान आहे. जीसीसीने मात्र सी++ साठीचा बायसन-आधारित विश्लेषक ३.४ या आवृत्तीत (२००४) आणि सी साठीचा ४.१ या आवृत्तीत (२००६) बाजूला ठेवून हाताने लिहिलेला, वरून खाली उतरत जाणारा विश्लेषक स्वीकारला. क्लँगचा विश्लेषक प्रारंभापासूनच हाताने लिहिलेला आहे. म्हणजे ज्या तक्त्यांवर विद्यार्थ्याचे सत्र खर्ची पडते, त्यांचा मागमूसही त्याच्या संगणकावरील सी कंपायलरमध्ये सापडत नाही. तक्ते शिकवू नयेत असा याचा अर्थ नव्हे. परंतु ही गोष्ट विद्यार्थ्याला सांगितली जात नाही, हे खटकते.

आयआयटी मुंबईचा प्रयोग

या पार्श्वभूमीवर आयआयटी मुंबईतील जीसीसी रिसोर्स सेंटरचे कार्य वेगळे उठून दिसते. केंद्राचे सूत्रधार उदय खेडकर हे ढमढेरे यांचेच विद्यार्थी. गुरुशिष्यांचा डेटा-फ्लो विश्लेषणाच्या सिद्धांतावरील संयुक्त शोधनिबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचे 'डेटा फ्लो अ‍ॅनॅलिसिस : थिअरी अँड प्रॅक्टिस' हे पुस्तक २००९ मध्ये आले. या केंद्राने 'इसेन्शियल अ‍ॅब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी' या नावाने कार्यशाळा घेतल्या. २०११ ते २०१३ या काळातील कार्यशाळांसाठी तयार झालेली व्याख्यान-सामग्री येथे विचारात घेतली आहे.

या सामग्रीचे मोठे श्रेय असे की, तिने कंपायलरची उभारणी हा कारकुनी उद्योग न मानता अभ्यासाचा विषय मानला. उभारणी होते ते यंत्र, कंपायलर ज्यावर चालेल ते यंत्र आणि कंपायलर ज्यासाठी कोड तयार करील ते यंत्र, या तीन भूमिका तेथे काटेकोरपणे वेगळ्या केल्या आहेत. सोर्सची डिरेक्टरी आणि उभारणीची डिरेक्टरी स्वतंत्र ठेवावी, हा नियम कारणासहित दिला आहे. 'जीसीसी' ही आज्ञा म्हणजे कंपायलर नव्हे, ती केवळ हाताखालच्या प्रोग्रॅमांना कामाला लावणारी मुकादम आहे आणि सी भाषेचा खरा कंपायलर 'सीसी-वन' हा आहे, हे कळले तरी विद्यार्थ्याच्या अर्ध्या शंका फिटतात. यंत्रवर्णनाच्या फाइली वाचून जीसीसीच स्वतःच्या सोर्सचा काही भाग उभारणीच्या वेळी लिहून काढते, ही बाब तर पुस्तकी आकृत्यांतून कधीच ध्यानात आली नसती.

'ग्रे बॉक्स प्रोबिंग' या नावाने दिलेली पद्धती हा या सामग्रीतील सर्वांत उपयुक्त भाग होय. कंपायलरला बंद पेटी मानावयाचे नाही आणि त्याचा लक्षावधी ओळींचा कोड पहिल्या ओळीपासून वाचण्याच्या फंदातही पडावयाचे नाही. प्रत्येक टप्प्यावर तो जे मधले रूप बाहेर टाकू शकतो, ते मागून घेऊन वाचावयाचे. ग्रामीण महाविद्यालयातील सामान्य संगणकावरही हे करता येते, आणि त्याला खर्च काहीच नाही.

तथापि दोन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. एक, या सामग्रीचा मुख्य भर मध्यवर्ती रूपे आणि यंत्रवर्णने यांवर आहे. फ्रंट-एंड तेथे बव्हंशी गृहीत धरला आहे. त्यामुळे 'यंत्राशी संबंध बॅक-एंडचा' हे विधान नकळत अधिकच पक्के होते. दोन, सर्व विवेचन लिनक्स समोर ठेवून केले आहे. संशोधन-प्रयोगशाळेपुरते हे योग्यच होते. पण वाशीम जिल्ह्यातील धनजसारख्या गावातून कारंजा किंवा अमरावती येथे शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जो संगणक येतो, त्यावर बहुधा विंडोज असते. जीसीसीच्या उभारणीला युनिक्स पद्धतीचे शेल लागते. विंडोजवर त्यासाठी सिग्विन किंवा एमसिस यांसारखा वेगळा थर आधी बसवावा लागतो. हे न सांगता दिलेली आज्ञा पहिल्याच ओळीला अडते आणि विद्यार्थी तो दोष स्वतःच्या माथी घेतो. मॅकवरील प्रकार आणखी फसवा आहे. तेथे 'जीसीसी' अशी आज्ञा दिली तर उत्तर क्लँग देतो, आणि विद्यार्थ्याला ते कळतही नाही.

क्लँगच्या उभारणीतून दिसणारे सत्य

एलएलव्हीएम हा प्रकल्प २००० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर आणि विक्रम अडवे यांनी सुरू केला. अडवे हे आयआयटी मुंबईचेच पदवीधर. क्लँग हा त्यावरील सी-कुळातील भाषांचा फ्रंट-एंड २००७ मध्ये खुला झाला आणि २०१० मध्ये स्वतःला कंपाइल करू लागला. प्रकल्पाचा सर्व सोर्स २०१९ पासून एकाच गिट भांडारात आहे. तिन्ही प्रणालींवर एकाच सीमेक-वर्णनातून तो उभा राहतो, म्हणून प्रस्तुत तपासणीस तो जीसीसीपेक्षा अधिक सोयीचा आहे.

उभारणी सुरू होताच प्रथम 'टेबलजेन' नावाचे साधन तयार होते. ते वर्णनफाइली वाचून चुकांच्या संदेशांपासून गुणविशेषांच्या यादीपर्यंत फ्रंट-एंडचे अनेक तुकडे लिहून देते. त्यानंतर दीर्घकाळ कंपाइल होत राहते. अडचण येते ती शेवटी, दुवे जोडण्याच्या टप्प्यावर. डीबग प्रकारची उभारणी निवडली तर थोड्या मेमरीचा संगणक येथे मान टाकतो. रिलीज प्रकार, एकच लक्ष्य-यंत्र आणि एका वेळी एकच जोडणी असे तीन पर्याय दिले की काम निभावते. अधिकृत सूचनांत हे तिन्ही पर्याय आहेत, पण त्या लांबलचक कोष्टकात विखुरलेले आहेत. ज्याला त्यांची सर्वाधिक गरज आहे त्याला ते शेवटी सापडतात. (भारनियमनाच्या प्रदेशात एक गोष्ट मात्र दिलासा देते. वीज गेली तरी आधी तयार झालेल्या फाइली सहसा पुन्हा कराव्या लागत नाहीत. निंजा हे साधन उरलेल्या कामापासून पुढे जाते.)

विंडोजसाठीच्या सूचना स्वतंत्र पृष्ठावर आहेत, आणि ही विभागणीच बोलकी आहे. युनिक्स हा नियम आणि विंडोज हा अपवाद, असे तिचे गृहीतक दिसते. व्हिज्युअल स्टुडिओची स्वतःची आज्ञा-खिडकी उघडावी लागते, कारण साध्या खिडकीत कंपायलरचा पत्ता नसतो. गिटने ओळींच्या शेवटची चिन्हे आपोआप बदलू नयेत म्हणून सोर्स उतरवितानाच तशी सूचना द्यावी लागते. अन्यथा कंपायलर उभा राहतो, पण त्याच्या चाचण्या नापास होतात.

यानंतर खरा प्रश्न उभा राहतो. नवा फ्रंट-एंड तयार झाला, आता त्याला पाच ओळींचा साधा सी प्रोग्रॅम दिला. पहिल्याच ओळीत प्रमाण निवेश-निर्गत शीर्षकफाइलीचा उल्लेख असतो. ती फाइल कोठून येणार? क्लँग स्वतःबरोबर काही मोजक्याच शीर्षकफाइली बाळगतो. बाकीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या असतात. लिनक्सवर त्या ठरलेल्या जागी सापडतात, पण सी++ चे ग्रंथालय हवे असल्यास क्लँग शेजारच्या जीसीसीचे घर शोधत फिरतो. विंडोजवर तो व्हिज्युअल स्टुडिओचा माग काढतो. मॅकवर २०१८ पासून पूर्वीची जागाच उरलेली नाही. विकाससंचाचा मार्ग स्पष्टपणे सांगितला नाही तर नव्याने उभारलेला क्लँग 'फाइल सापडत नाही' एवढेच सांगून थांबतो. म्हणजे शब्दविश्लेषणाची पहिली पायरी ओलांडण्यापूर्वीच ऑपरेटिंग सिस्टिमने आपले अस्तित्व दाखवून दिलेले असते.

हे केवळ मार्ग शोधण्यापुरते आहे, असा आक्षेप येऊ शकेल. म्हणून दुसरे उदाहरण घ्यावे. तीनशे कोटी ही संख्या प्रोग्रॅममध्ये अंकांनी लिहिली, तर तिचा प्रकार कोणता? ६४-बिट लिनक्स व मॅकवर 'लाँग' ८ बाइटचा असतो, म्हणून प्रकार 'लाँग' ठरतो. ६४-बिट विंडोजवर 'लाँग' ४ बाइटचाच असतो, म्हणून प्रकार 'लाँग लाँग' ठरतो. यंत्र तेच, प्रोसेसर तोच, भाषेचे प्रमाणही तेच. बदलली ती ऑपरेटिंग सिस्टिम. हा निर्णय अर्थविश्लेषणात होतो, बॅक-एंडला काम मिळण्याच्या बऱ्याच आधी. सी++ मध्ये तर वाक्यविश्लेषणही बदलते. विंडोजशी जुळवून घेताना क्लँग सी++२० पूर्वीच्या प्रमाणांत टेम्प्लेटच्या अंतर्भागाचे विश्लेषण मुद्दाम पुढे ढकलतो. जी चूक लिनक्सवर लगेच पकडली जाते ती तेथे टेम्प्लेट वापरले जाईपर्यंत दडून राहू शकते.

क्लँगच्या सोर्सची रचनाच याची साक्ष देते. लक्ष्य-यंत्राची व प्रणालीची माहिती देणाऱ्या त्याच्या फाइली 'बेसिक' नावाच्या सर्वांत खालच्या विभागात आहेत. शब्दविश्लेषक, वाक्यविश्लेषक आणि अर्थविश्लेषक हे सारे त्यावर उभे आहेत. पाठ्यपुस्तकातील आकृतीत 'यंत्र' हा शब्द उजव्या टोकाला असतो. येथे तो पायात आहे.

देवनागरीचा प्रश्न

मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने शब्दविश्लेषणाचे एक उदाहरण विशेष उद्बोधक आहे. क्लँग सोर्स फाइल यूटीएफ-८ मानून वाचतो आणि चलांची नावे देवनागरीत स्वीकारतो. जीसीसीने अशी अक्षरे थेट स्वीकारण्यास २०२० मधील १० व्या आवृत्तीपासून प्रारंभ केला. आता 'दुसऱ्या' हा शब्द चलाचे नाव म्हणून घ्यावा. यातील अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो : नुक्त्याच्या 'ऱ' ला हलन्त लावून, किंवा साध्या 'र' ला हलन्त आणि त्यापुढे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. कोणते उमटेल हे टंकनाच्या पद्धतीवर ठरते. जुन्या नियमांत दोन्ही चालत, मात्र ती दोन वेगळी नावे ठरत. सी++ साठी यूनिकोडचे नवे नियम लागू झाल्यावर, २०२२ मधील क्लँगच्या १४ व्या आवृत्तीपासून, अदृश्य जोडचिन्ह असलेले नाव चूक म्हणून नाकारले जाते. एक रूप चालते, दुसरे चालत नाही आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. नाशिक वा नागपूरच्या टंकलेखकाला परिचित असलेली ही अडचण थेट कंपायलरच्या पहिल्या टप्प्यात येऊन पोचली आहे. तिचे निरसन विद्यार्थ्याला एकाच मार्गाने करता येते : दोन आवृत्त्या शेजारीशेजारी स्वतः उभारून तीच फाइल दोन्हींना देणे.

प्रात्यक्षिकाच्या वहीत असा प्रयोग सहज बसू शकतो. पाच ओळींचा एक प्रोग्रॅम, त्यात तीनशे कोटी ही संख्या आणि एक देवनागरी चल. हाच प्रोग्रॅम लिनक्स व विंडोज यांवर स्वतः उभारलेल्या क्लँगला द्यावयाचा आणि वाक्यवृक्षाचे छापील रूप मागून घ्यावयाचे, म्हणजेच आयआयटी मुंबईची 'ग्रे बॉक्स प्रोबिंग' पद्धती फ्रंट-एंडला लावावयाची. संख्येच्या प्रकारापुढे एका वृक्षात 'लाँग' आणि दुसऱ्यात 'लाँग लाँग' असे छापलेले दिसेल.