सुनावणीविना निकाल : १८७५ च्या शिरूर-भीमथडी दंग्यांचे एक वाचन

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांना ‘सावकारांविरुद्धचा उद्रेक’ म्हणण्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, त्यापुढे जाऊन फारसे कोणी पाहत नाही. माझा कोणत्याही विद्यापीठाशी संबंध नाही. शिरूर-दौंड भागातला एक वाचक म्हणून गॅझेटियर, दंगे-आयोगाचा अहवाल आणि १८७९ चा कायदा मी पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, हा उद्रेक जितका व्याजाविरुद्ध होता, तितकाच तो न ऐकता दिलेल्या निकालांविरुद्ध होता.

सुरुवात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी झाली. १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडले. गावाने सावकारांची हजामत, पाणी, शेतकाम बंद केले. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात भडका उडाला. सुपे आज बारामती तालुक्यात असले, तरी तेव्हा ते भीमथडीत होते. आजच्या दौंडचा मुलूखही त्याच तालुक्यातला. जमावाने मागितले ते कर्जरोखे. सावकाराने ते दिले, तर बहुतेक ठिकाणी त्याच्या अंगाला हात लागला नाही. नाकारले, तर घराला आग लागली.

कारणे सांगताना अमेरिकन यादवी संपल्यावर कोसळलेला कापसाचा भाव आणि १८६७ च्या सुमारास वाढलेला सारा यांचा उल्लेख होतो, आणि तो रास्तच आहे. पण भाव पडल्याने माणूस कर्जबाजारी होतो, एवढ्याने तो कागद जाळत नाही. कागद का जाळला, याचे उत्तर कोर्टाच्या कामकाजात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. पुढे दावा लागे. समन्स बजावले गेले नसताना बजावल्याचे दाखवले जाते, अशा तक्रारी होत्या. समन्स मिळाले, तरी शेत टाकून कोर्टात जाणे आणि वकील देणे कुणब्याला परवडत नसे. प्रतिवादी गैरहजर, म्हणून एकतर्फी हुकूमनामा. मग जप्ती, प्रसंगी दिवाणी कैद. मूळ रक्कम किती घेतली होती, हे विचारण्याची वेळच न्यायाधीशावर येत नसे. रोख्याखालचा अंगठा हाच सगळा पुरावा.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. जमावानेही सावकाराचे म्हणणे ऐकले नाही. कोर्टाने कुळाला जे केले, तेच जमावाने सावकाराला केले, आणि वर आग लावली. म्हणून मी या दंग्यांना न्याय म्हणत नाही. ते न्यायाच्या अभावाचे लक्षण होते. सरकारने पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना पकडले. त्यांतले ५०१ दोषी ठरले. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना अटक झाली, पण त्यांच्यावर गुन्हा शाबीत झाला नाही. या ४५० माणसांबद्दल आपल्या लेखनात एक ओळही सहसा सापडत नाही.

दिवाणी बाजूला मात्र सरकार शिकले. १८७९ चा १७ वा कायदा, म्हणजेच दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, मी त्यासाठीच महत्त्वाचा मानतो. न्यायाधीशाने प्रतिवादीची जबानी घ्यावी, रोख्यामागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासावा, दावा शेतकरी राहतो तिथल्या कोर्टात चालावा, पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैद नसावी, समोर वकील असेल आणि शेतकऱ्याची ऐपत नसेल तर त्याच्यासाठीही वकील नेमता यावा. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीशाचे काम पाहिले. सावकारी या कायद्याने संपली नाही. पण गैरहजर माणसाची गैरहजेरी ही त्याची कबुली नव्हे, हे तत्त्व त्याने मान्य केले.

फौजदारी प्रकरणांना त्या कायद्याने हात लावला नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९७९ साली, हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, गरीब आरोपीला वकील आणि वेळेत खटला हा त्याचा हक्क आहे. तरीही २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार तुरुंगातले शंभरातले पंचाहत्तरहून अधिक कैदी कच्चेच होते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत एक चांगली दुरुस्ती आहे. पूर्वी समन्स घरातल्या सज्ञान पुरुषाकडेच देता येई. आता सज्ञान स्त्रीकडेही देता येते. पण त्याच संहितेच्या ३५६ व्या कलमाने फरार घोषित आरोपीवर त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देता येतो. दोन वॉरंटे, वर्तमानपत्रात जाहिरात, घरावर नोटीस, सरकारी खर्चाने वकील अशा अटी त्यात आहेत. त्या कागदावर पुरेशा वाटतात. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात भाड्याच्या खोलीत राहणारा परगावचा मजूर, उसाच्या फडावर सहा महिने फिरणारे कुटुंब यांच्या बंद घराच्या दारावर नोटीस चिकटेल. तो पळाला की त्याला कळलेच नाही, हे बजावणीच्या अहवालावरून ठरेल. तो अहवाल कोण तपासणार? १८७५ पूर्वी तो कोणी तपासला नव्हता.

म्हणून या दंग्यांकडे पाहताना ‘सावकार विरुद्ध कुणबी’ एवढेच सूत्र पुरेसे नाही. निकाल वाईट लागला म्हणून माणसे दुःखी होतात. पण आपल्याला विचारलेच नाही, हे कळले की ती कागदच मानेनाशी होतात. कर्ड्याने आणि सुप्याने दाखवले ते एवढेच.