संपादकाची प्रत

लिनक्सवर वेब सर्व्हर बसवायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे अपाचीचा सोर्सकोड उतरवून घ्यायचा, आपल्या मशिनवर कंपाइल करायचा आणि हवा तिथे ठेवायचा. दुसरा, डेबियन किंवा रेड हॅट यांनी तयार ठेवलेलं पॅकेज एका ओळीच्या कमांडने घ्यायचं. तुमचा यातल्या कशाशीच संबंध नसेल, तरी तुमच्या गावच्या मंडळाची वेबसाइट कुणीतरी यातल्याच एका मार्गाने उभी केलेली असते. आणि तो कुणीतरी एक दिवस नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जातो.

मी पीएच.डी. करत होते तिथे नेमकं हेच झालं. माझ्या आधीच्या विद्यार्थ्याने अपाची स्वतः कंपाइल केलेला. कुठले पर्याय दिले, कुठले मॉड्यूल जोडले, हे फक्त त्याच्या डोक्यात. तो गेला, आणि पुढची काही वर्षं त्या सर्व्हरला कुणी हात लावला नाही. म्हणजे सुरक्षेची एकही दुरुस्ती आली नाही. मी सगळं डेबियनच्या पॅकेजवर आणलं आणि निश्चिंत झाले.

पॅकेजची ओळख सहसा 'सोपी सोय' म्हणून करून दिली जाते. मला ती ओळख अपुरी वाटते. पॅकेज ही संपादित प्रत असते. अपाचीचा जन्मच दुरुस्त्यांतून झाला: इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात रॉब मॅककूल यांनी लिहिलेला सर्व्हर १९९४मध्ये ते बाहेर पडल्यावर रखडला, आणि तो वापरणाऱ्यांनी आपापली ठिगळं एकत्र करून १९९५मध्ये अपाची उभा केला. डेबियन त्या मूळ संहितेवर पुन्हा संपादन करतं. रेड हॅटवर पॅकेजचं नाव 'एचटीटीपीडी' आणि मुख्य सेटिंग एका मोठ्या फाइलीत. डेबियनवर नाव 'अपाची२' आणि सेटिंग अनेक छोट्या फाइलींत, प्रत्येक साइटची वेगळी. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती का, हे आपल्याला माहीत आहे. फरक इतकाच की इथे वाचकालाही प्रतीत स्वतःच्या ओव्या घालाव्याच लागतात. आपल्या साइटचं नाव, आपले नियम त्यात लिहिल्याशिवाय सर्व्हर आपला होत नाही.

खरी परीक्षा म्हणून अपग्रेडची. २०१५मध्ये डेबियन ८ आलं आणि अपाची २.२वरून २.४वर गेला. अपग्रेड चालू असताना पॅकेजने मधेच थांबून विचारलं: ही फाइल तुम्ही बदललेली आहे, आमच्याकडे नवी आहे. तुमची ठेवू की आमची घेऊ? काही न बोलता एंटर दाबलं तर तुमची राहते.

प्रश्न सभ्य आहे, पण आमच्याबाबतीत दोन्ही उत्तरं चुकीची होती. जुनी फाइल ठेवली तर तिच्यात 'लॉकफाइल' नावाची एक सूचना होती, जी २.४मधून काढून टाकलेली. सर्व्हर सुरूच होईना. नवी घेतली तर सर्व्हर सुरू झाला, पण नव्या फाइलीनुसार साइटच्या फाइलीचं नाव 'डॉट कॉन्फ'ने संपलं तरच ती वाचली जाणार होती. आमचं तसं संपत नव्हतं. प्रयोगशाळेची साइट गेली आणि तिच्या जागी डेबियनचं पान आलं: 'इट वर्क्स!' माझ्या गाइडने त्या पानाचा फोटो काढून मला पाठवला, खाली काहीही न लिहिता.

माझा आक्षेप बदलांवर नाही. बदलांची नोंद पॅकेजसोबत येते; मी ती नंतर वाचली, तो दोष माझाच. आक्षेप आहे तो त्या प्रश्नावर. तो अर्ध्या अपग्रेडमध्ये विचारला जातो, परत फिरणं अवघड झालेलं असताना, आणि एकेका फाइलीपुरता. दोन फाइलींचं एकमेकींशी नातं काय, हे त्याला कळत नाही. रेड हॅट सहसा काही विचारतच नाही; तुमची फाइल तशीच ठेवून नवी शेजारी वेगळ्या नावाने टाकून देतं. ते मला जास्त प्रामाणिक वाटतं, जरी त्या शेजारच्या फाइली पुढे कुणी उघडत नाही.

तरीही मी पॅकेजच्याच बाजूची आहे. ऑक्टोबर २०२१मध्ये अपाची २.४.४९मध्ये एक गंभीर भोक सापडलं: नियम ढिले असतील तर बाहेरच्या माणसाला साइटच्या फोल्डरबाहेरच्या फाइली वाचता येत. २.४.५०मधली दुरुस्ती अपुरी ठरली, मग २.४.५१ काढावी लागली. भोक आलं होतं २.४.४९मध्येच. त्याच ऑगस्टमध्ये निघालेल्या डेबियन ११मध्ये २.४.४८ होता. ताजं ते घेणारे अडकले, शिळं खाणारे वाचले. हे पुण्य डेबियनच्या चाणाक्षपणाचं म्हणता येणार नाही. ते संथपणाचं आहे. पण तो संथपणा ठरवून स्वीकारलेला आहे.

सोर्सवरून बसवणारे म्हणतात, त्यात आपला ताबा असतो. असतो, तुम्ही तिथे असेपर्यंत. पोस्टडॉक म्हणजे करारावरचा माणूस; व्हिसाची तारीख आणि सर्व्हरचं आयुष्य यांचा मेळ कधीच बसत नाही. माझा करार जूनमध्ये संपतो. इथल्या सर्व्हरवर पॅकेजच्या तीनच फाइली मी बदलल्या आहेत. ईटीसी फोल्डरवर 'ईटीसीकीपर' लावलं आहे, म्हणजे कोणती ओळ कधी बदलली याची नोंद राहते, आणि प्रत्येक बदलासोबत का बदलली तेही मी एका ओळीत लिहिलं आहे. साइटच्या फाइलीचं नाव 'डॉट कॉन्फ'ने संपतं.