उलटं पायडल

डेल्फ्टला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी सेकंडहँड सायकल घेतली आणि चौथ्या दिवशी लावून ठेवलेल्या सायकलींच्या रांगेत जाऊन घुसले. हँडलला ब्रेक नव्हता. तिथल्या साध्या सायकली पायडल उलटं मारून थांबवायच्या असतात. विकणाऱ्या मुलाने हे सांगितलंही होतं. पण सांगलीत सायकल आणि पुण्यात स्कूटी चालवलेल्या माझ्या बोटांना ते कोण सांगणार? पुढचे दोन आठवडे संकट आलं की बोटं हवेत मूठ आवळायची.

पीट जॉर्डनचं 'इन द सिटी ऑफ बाइक्स' हे पुस्तक (२०१३) मी त्याच हिवाळ्यात वाचलं. जॉर्डन अमेरिकन. आधी त्याची ओळख म्हणजे अमेरिकेतल्या राज्याराज्यांत भांडी घासत फिरलेला माणूस. त्यावरही त्याचं एक पुस्तक आहे. २००२ साली तो काही महिन्यांपुरता शिकायला ॲमस्टरडॅमला आला. शहरांचं नियोजन शिकायचं आणि परत जाऊन अमेरिकेतली शहरं सायकलस्वारांना जरा बरी करायची, असा बेत होता. तो परत गेलाच नाही. म्हणजे पुस्तकाचा नायक माझ्यासारखाच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी आहे, फक्त त्याचं जमलं. हे आधीच सांगते, कारण माझ्या वाचनात थोडी असूया मिसळलेली आहे.

सायकलवरून शहर पाहण्याची पुस्तकं म्हटलं की आधी डेव्हिड बर्नचं 'बायसिकल डायरीज' (२००९) निघतं. 'टॉकिंग हेड्स'वाला बर्न दौऱ्यावर घडीची सायकल नेतो आणि बर्लिन, इस्तंबूल, ब्यूनस आयर्स, मनिला असा फिरतो. वाचायला छान आहे, पण चार पानांत सायकल स्टँडवर लागते आणि बर्न कला, राजकारण, संगीत यांवर बोलू लागतो. त्याच्यासाठी सायकल ही गंमत आहे. पाऊस आला तर टॅक्सी आहे. जॉर्डनकडे टॅक्सीचे पैसे नाहीत. तो सायकलवरून उतरत नाही, आणि पुस्तकही उतरत नाही.

त्याचं खरं बळ आहे जुन्या नोंदी उकरण्यात. 'डच लोक जन्मतःच सायकलवाले' ही आपली पर्यटकी समजूत तो पद्धतशीर मोडतो. इथे सायकल प्रत्येक काळात कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलेली आहे. १९२४ ते १९४१ नेदरलँड्समध्ये सायकलवर कर होता आणि तो भरल्याचा धातूचा बिल्ला सायकलला लावावा लागे. बेकारांना बिल्ला फुकट मिळे, पण त्याला मधोमध भोक पाडलेलं असे. गल्लीत कोण गरीब आहे ते लांबून कळावं अशी सोय. मग जर्मनांचा ताबा आला. १९४२च्या जूनमध्ये ज्यूंना सायकली जमा करायचा हुकूम निघाला, जुलैत बाकीच्यांच्याही जप्त होऊ लागल्या. टायर मिळेनात तेव्हा लोकांनी बागेच्या पाइपाचे तुकडे रिमवर चढवले. युद्धावरची ही पानं पुस्तकातली सगळ्यात चांगली. शहर म्हणजे रस्ते आणि इमारती नव्हेत, कुणाला त्यातून मोकळेपणी जाता येतं हा हिशोब आहे, हे इथे न सांगता कळतं.

सत्तरच्या दशकाचंही तसंच. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. 'मुलांची हत्या थांबवा' अशा नावाची चळवळ त्यातून उभी राहिली. मी ज्या लाल डांबराच्या पट्टीवरून, कानात गाणी घालून, रात्री साडेअकरा वाजता लॅबमधून घरी यायचे, ती पट्टी भांडून मिळवलेली होती. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "साडेअकरा?" बाकीचा इतिहास तिने ऐकलाच नाही.

आता तक्रार. जॉर्डन प्रेमात आहे. पायडल मारता मारता शहर आपलं होत जातं, असा एक सूर पुस्तकभर आहे. डबलसीट चाललेली जोडपी पाहून तो विरघळतो. (पुण्यात एके काळी सायकलवर डबलसीट दिसलं की पोलीस पकडायचे, असं बाबा सांगतात, तेव्हा विरघळायला वेळ नसावा.) सुरुवातीला मीही याच सुरात होते. चौकातल्या पाट्यांवरचे आकडे कागदावर उतरवायचे आणि त्या क्रमाने एकामागून एक गाठत जायचं, ही तिथली पद्धत मला लगेच आवडली. शेवटी तो अल्गोरिदमच. स्खी नदीच्या काठाने रॉटरडॅम गाठलं. तिथल्या मास बोगद्यात सायकलवाल्यांची वेगळी नळी आहे आणि खाली उतरायला लाकडी सरकते जिने. तो बोगदा १९४२चा, ऐन जर्मन अमलातला. सायकल धरून त्या करकरणाऱ्या जिन्यावर उभं राहिलं की जॉर्डनची पानं आठवायची.

पण दोन वर्षांत मी किती डच घरांत शिरले? तीन. तिथल्या घरांच्या खिडक्यांना संध्याकाळी पडदे ओढलेले नसतात. सायकलवरून दिवा, पुस्तकांचं कपाट, जेवणाचं टेबल सगळं दिसतं आणि पुढच्या सेकंदाला मागे पडतं. मला शहर पाठ होतं, शहराला मी ठाऊक नव्हते. डच वर्गमित्र सरकारी कार्डावर ट्रेनने फुकट फिरायचे. आम्हा युरोपबाहेरच्यांना ती सवलत नव्हती, म्हणून हेगला जाताना समोरच्या वाऱ्यात दहा किलोमीटर. भोकाच्या बिल्ल्याचं पान मी दोनदा वाचलं ते म्हणून.

आणि नीट वाचलं तर जॉर्डनचंही गाव सायकल चालवून आपलं झालेलं नाही. त्याची बायको सायकल दुरुस्ती शिकते, पुढे दुकान सांभाळू लागते. मुलगा तिथेच जन्मतो. लोक पंक्चर घेऊन दारात येतात, तेव्हा ती त्या शहराची होते. लेखकाने हे लिहिलंय, पण त्याला महत्त्व दिलं नाही, कारण त्याची नजर रस्त्यावर. पुस्तक त्या दुकानातून, काळ्या बोटांनी लिहिलं असतं तर? मला ते जास्त आवडलं असतं. माझ्या बाबतीत शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळालेलं वर्ष संपलं, नोकरी लागली नाही, आणि सायकल पन्नास युरोला विकून मी पुण्याला आले.

आमच्या घरातला नांदेडचा एक मुलगा संध्याकाळी सायकलवरून जेवणाचे डबे पोचवायचा. आठवड्याला सोळा तास, त्याहून जास्त काम करायची आम्हाला परवानगी नव्हती. कुठल्या गल्लीत जिना शिडीसारखा उभा आहे, कोण दार उघडून पाण्याचं विचारतं, कोण फटीतून हात काढतं, हे त्याला माहीत होतं. जॉर्डनचं पुस्तक त्याला दिलं. त्याने युद्धाची पानं वाचली, बाकीचं चाळलं. तू लिही म्हटलं तर म्हणाला, "ताई, आधी थिसिस संपू दे."