रेषेचा स्पर्श, रेषेचा आवाज

जळगाव-धुळ्याकडे अमूर्त चित्रांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : यात आहे काय? नसरीन मोहमदी यांच्या रेखाटनांपुढे तर तो अधिकच टोचतो. कागद, पेन्सिल, शाई आणि रेषा. माणूस नाही, झाड नाही, चित्राला नाव नाही. बहुतेकांवर तारीखही नाही.

यावर एक तयार उत्तर मिळते. बाई मुसलमान, इस्लाममध्ये प्रतिमा वर्ज्य, म्हणून रेषा! आम्हाला हे मान्य नाही. पंढरपूरला जन्मलेले हुसेन आयुष्यभर घोडे आणि माणसे रंगवत राहिले. तेही मुसलमानच होते. कलावंताच्या निवडीवर धर्माची चिठ्ठी चिकटवली की चित्र पाहण्याचे कष्ट वाचतात, इतकेच.

नसरीन १९३७ साली कराचीत जन्मल्या. १९४४ मध्ये कुटुंब मुंबईला आले. पुढे लंडन-पॅरिसचे शिक्षण, बहारीनचे वाळवंट, अलिबागजवळच्या किहीमचा समुद्र आणि १९७२ पासून बडोद्यात अध्यापन. साठच्या दशकात त्यांची शाई कागदावर ओलसर पसरते, फांद्या-पानांचा भास देते. सत्तरीत ती पसरण थांबते आणि पट्टीने ओढलेल्या रेषांची बारीक जाळी येते. ऐंशीत जाळीही विरते. उरतात कोऱ्या कागदावर तरंगणाऱ्या मोजक्या तिरक्या रेषा आणि कमानी.

या रेषा नुसत्या डोळ्यांनी पाहून भागत नाही. कुठे पेन्सिलीचा दाब वाढला, कुठे शाई फिकट झाली, हे बोटांना जाणवावे लागते. दोन रेषांमधले अंतर कमी-जास्त होते तेव्हा लय ऐकू येते. नसरीन यांना शास्त्रीय संगीताची ओढ होती, याचे मग नवल वाटत नाही. मागावर ताणलेले धागे त्यांनी कॅमेऱ्यातही टिपले होते. ती छायाचित्रे मात्र हयातीत कधी प्रदर्शनात मांडली नाहीत. धुळ्यातल्या विणकराला आम्ही हे काय सांगावे? डोळा, कान आणि बोट एकाच धाग्यावर ठेवणे हा त्याचा रोजचा धंदा आहे.

स्नायूंवरचा ताबा हिरावणाऱ्या आजाराने नसरीन यांना घेरले. तरीही रेषा हलली नाही. १९९० मध्ये किहीमला त्यांचे निधन झाले. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या संग्रहालयाने त्यांच्या चित्रांच्या प्रदर्शनाने आपले दार उघडले.

काही समीक्षक या रेषांना थंड म्हणतात. आम्हाला वाटते, भावना रेषेत थरथरली नाही म्हणून ती नव्हती असे नाही. ती हात स्थिर ठेवण्यात खर्ची पडली. छापील प्रतीत पेन्सिलीची अर्धी रेषा हरवते. म्हणून मूळ कागदापुढे उभे राहण्याची संधी आली तर वाचकांनी ती सोडू नये. 'यात आहे काय' हा प्रश्न मग तिथेच विचारावा, आणि थोडा वेळ उत्तर देऊ नये.