चुलीपाशी कोण होतं?

गेल्या पावसाळ्यात आजी पुण्यात आमच्याकडे राहायला होती. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे ती दिवसभर पलंगावर आणि मी शेजारच्या खोलीत वर्क फ्रॉम होम. रात्री जेवणं उरकली की मी लॅपटॉपवर काहीतरी लावायचे आणि ती उशाला टेकून बघायची. इंग्रजी तिला येत नाही. मी मधूनमधून सांगायचे, बाकीचं ती चेहऱ्यांवरून लावायची. अशाच एका रात्री मी नेटफ्लिक्सवरची 'कीप स्वीट: प्रे अँड ओबे' लावली. राचेल ड्रेट्झिनची २०२२ सालची चार भागांची माहितीपट-मालिका. युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर शॉर्ट क्रीक नावाची वस्ती आहे, तिथे मॉर्मन धर्मातून फुटून निघालेला एफएलडीएस हा पंथ राहतो. या पंथात स्वर्गातलं वरचं स्थान हवं असेल तर पुरुषाला अनेक बायका कराव्या लागतात, आणि कुणाची बायको कोण हे प्रेषित ठरवतो.

पडद्यावर एकसारखे लांब झगे घातलेल्या, केसांचा एकसारखा फुगा काढलेल्या बायका रांगेत उभ्या होत्या. आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढ्या बायका एका घरात. मग चुलीपाशी कोण असायचं गं?"

मला सांगता येईना. मी म्हटलं, पुढे कळेल. चार भाग संपले तरी कळलं नाही.

आजीचा प्रश्न भाबडा नव्हता. तिच्या वडिलांना दोन बायका होत्या. थोरलीला मूल होईना म्हणून धाकटी आणली, आणि धाकटीची मुलगी म्हणजे माझी आजी. ती थोरलीला 'मोठी आई' म्हणायची. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं, पण घरातलं एखादं जुनं कपाट माहीत असतं तसं. उघडून कधी बघितलं नव्हतं.

मालिका वाईट आहे असं अजिबात नाही. तिची सगळ्यात मोठी ताकद आवाज आहे. प्रेषित रूलन जेफ्स २००२ मध्ये वारला आणि त्याचा मुलगा वॉरन गादीवर आला. या वॉरनची ध्वनिमुद्रित प्रवचनं मालिकेत ऐकू येतात. बोलणं सपाट, जवळजवळ झोप आणणारं. ओरडणारा बाबा आपण ओळखतो, हा ओरडत नाही. आणि मग एलिसा वॉल बोलते. १४ वर्षांची असताना तिचं सख्ख्या मामेभावाशी लग्न लावलं गेलं. पुढे तिनेच कोर्टात उभं राहून साक्ष दिली. तिची बहीण रिबेका म्हाताऱ्या रूलनची एकोणिसावी बायको होती. या दोघी बोलतात तेव्हा मालिका शहाणपणाने गप्प बसते.

पण तिला घाई आहे ती पाठलागाची. ड्रोनमधून दिसणारी लाल माती, कुंपणं, खालच्या पट्टीतलं संगीत. २००६ मध्ये वॉरनचं नाव एफबीआयच्या दहा मोस्ट वाँटेडमध्ये येतं, त्याच वर्षी लास वेगासजवळ तो पकडला जातो, २०११ मध्ये टेक्सासमध्ये जन्मठेप आणि वर वीस वर्षं. राक्षस तुरुंगात गेला, गोष्ट संपली. इथेच मला खटकतं. आमच्या कामात सर्व्हर पडला की पहिला प्रश्न 'कुणी पाडला' हा असतो, पण अहवालात तेवढंच लिहिलं तर सीनियर तो परत पाठवतात. एका माणसाला ते पाडता आलंच कसं, हे लिहावं लागतं.

तर साधा हिशोब करू. गावात १०० पुरुष, १०० बायका. त्यातल्या १० पुरुषांनी तीन-तीन बायका केल्या की ३० बायका गेल्या. उरल्या ७० आणि पुरुष उरले ९०. म्हणजे वीस जण बिनलग्नाचे. या विसांचं काय करायचं? शॉर्ट क्रीकमध्ये पोरांना सिनेमा बघितला, मुलीशी बोलला अशा कारणांवरून गावाबाहेर काढलं जायचं. त्यांना तिकडे 'लॉस्ट बॉइज' म्हणतात. दुसरा उपाय म्हणजे मुलींचं लग्नाचं वय खाली ओढायचं. लोकसंख्या वाढती असेल तर लहान वयाच्या मुली थोराड पुरुषांपेक्षा संख्येने नेहमीच जास्त असतात. म्हणजे १४ वर्षांची नवरी ही फक्त एका विकृत माणसाची आवड नव्हती, गणिताचा रेटाही तिकडेच होता. मालिका बाहेर काढलेल्या मुलांबद्दल सांगते आणि लहान नवऱ्यांबद्दलही सांगते. दोन्ही एकाच वजाबाकीतून येतात, हे मात्र सांगत नाही.

दुसरी गोष्ट घरांची. शॉर्ट क्रीकमधली जमीन आणि घरं 'युनायटेड एफर्ट प्लॅन' नावाच्या, १९४२ मध्ये सुरू झालेल्या ट्रस्टच्या नावावर होती. माणसाने स्वतःच्या हाताने घर बांधायचं, मालकी ट्रस्टची, आणि ट्रस्ट प्रेषिताच्या मुठीत. २००४ च्या जानेवारीत वॉरनने वीसेक पुरुषांना एका सभेत पंथाबाहेर काढलं. त्यांनी घर सोडायचं, आणि त्यांच्या बायका-मुलं दुसऱ्या पुरुषांना वाटून द्यायची. बायको आणि घर दोन्ही एकाच खात्यातून येतात आणि परत घेता येतात, ही खरी यंत्रणा. २००५ मध्ये युटाच्या कोर्टाने ट्रस्ट ताब्यात घेतला, तेव्हा वॉरनच्या सत्तेचा पाया हलला. मालिका यावर फार रेंगाळत नाही. कागदपत्रांना ड्रोन शॉट नसतो.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्यामानाने 'बिग लव्ह'मध्ये मिळतं, आणि ती तर काल्पनिक मालिका. एचबीओ, २००६ ते २०११. बिल हेनरिक्सन, त्याच्या तीन बायका, एकमेकींना लागून तीन घरं आणि मागचं अंगण सामायिक. कुठल्या रात्री कुणाकडे याचं वेळापत्रक. मधल्या निकीने गुपचूप करून ठेवलेलं क्रेडिट कार्डांचं कर्ज. थोरली बार्ब कागदोपत्री एकटीच बायको, म्हणून सगळ्यात सुरक्षित आणि सगळ्यात जास्त दमलेली. घरखर्चावरून तिघींची जी बोलणी होतात ती बघताना मला वाटलं, लिहिणाऱ्यांनी कुणालातरी नीट विचारलंय. शेवटच्या सीझन्समध्ये मालिका राजकारणात भरकटते, ते सोडा.

'सिस्टर वाइव्ह्ज' हा २०१० पासूनचा रिॲलिटी शो मी अर्धा हसत बघितला. कोडी ब्राउन, चार बायका, भरपूर मुलं, सगळे कॅमेऱ्यासमोर खूश. पण त्यातही कागद आलाच. २०१४ मध्ये कोडीने पहिली बायको मेरीशी कायदेशीर घटस्फोट घेतला आणि चौथ्या रॉबिनशी कायदेशीर लग्न केलं, तिच्या आधीच्या लग्नाची मुलं दत्तक घेता यावीत म्हणून. मेरीने होकार दिला. पुढच्या काही वर्षांत क्रिस्टिन, जनेल आणि मेरी तिघीही त्याला सोडून गेल्या. कागदावरची बायको राहिली. 'सिस्टर वाइफ' या शब्दाचं मला तेव्हा हसू आलं. आपल्याकडे सरळ 'सवत' म्हणतात आणि शब्दातच भांडण असतं. पण मग आठवलं, आजीच्या तोंडून सवत हा शब्द मी कधीच ऐकलेला नाही. थोरली आणि धाकटी, एवढंच.

यानंतर मी लॉरेल थॅचर उलरिचचं 'अ हाउस फुल ऑफ फिमेल्स' (२०१७) वाचलं. उलरिच हार्वर्डच्या इतिहासकार आणि स्वतः मॉर्मन. १८३५ ते १८७० या काळातल्या बायकांच्या रोजनिश्या, पत्रं, सभांची इतिवृत्तं, इतकंच काय शिवलेल्या गोधड्या यांच्यावरून त्यांनी हे पुस्तक उभं केलंय. इथे चूल आहे, बाळंतपणं आहेत, नवरा धर्मप्रचाराला गेला की मागे उरलेल्या बायकांनी एकमेकींना धरून काढलेले हिवाळे आहेत.

आणि एक प्रसंग आहे ज्याने माझी झोप उडवली. जानेवारी १८७०, सॉल्ट लेक सिटी. वॉशिंग्टनमध्ये बहुपत्नीत्वाविरुद्ध कडक कायदा येऊ घातलाय. हजारो मॉर्मन बायका सभागृहात जमतात, व्यासपीठावर बायकाच, आणि त्या बोलतात बहुपत्नीत्वाच्या बाजूने. पुढच्याच महिन्यात युटाच्या बायकांना मतदानाचा हक्क मिळतो, अमेरिकेतल्या बहुतेक बायकांच्या कितीतरी आधी. बाहेरच्या लोकांना वाटलं होतं, मत मिळालं की या स्वतःला सोडवून घेतील. त्यांनी तसं काही केलं नाही. मग १८८७ मध्ये काँग्रेसने त्यांचा मतदानाचा हक्कच काढून घेतला. सोडवायला निघालेल्यांनी हक्क काढला आणि बांधून ठेवणाऱ्यांनी दिला होता. हे कुठल्या बाजूला ठेवायचं?

पुस्तकाच्या चौकटीबाहेरची मार्था ह्यूज कॅनन याच मातीतली. डॉक्टर, आणि नवऱ्याची चौथी बायको. नवरा तुरुंगात जाऊ नये म्हणून तान्ह्या बाळाला घेऊन इंग्लंडमध्ये लपून राहिली. १८९६ मध्ये ती युटाच्या सिनेटवर निवडून आली, देशातली पहिली स्त्री राज्य-सिनेटर. त्याच निवडणुकीत तिचा नवराही उमेदवार होता. तो पडला.

उलरिचशी माझं एक भांडण आहे. त्या कागदावर असेल तेवढंच बोलतात. पण संस्थापक जोसेफ स्मिथच्या तीस-चाळीस बायकांपैकी एक, हेलन मार किंबल, पंधराचीही नव्हती. हे खुद्द मॉर्मन चर्चने २०१४ मध्ये मान्य केलंय. त्या गुप्त लग्नांच्या समकालीन नोंदी जवळजवळ नाहीत, म्हणून उलरिचही तिथे आवाज खाली करतात. इतिहासकार म्हणून त्यांचं बरोबर असेल. पण रोजनिशी लिहिणारी बाई ही आधीच थोडी उसंत मिळालेली बाई असते. माझ्या पणजीला सही येत नव्हती.

मुख्य चर्चने १८९० मध्ये जाहीरनामा काढून नवी बहुपत्नी लग्नं थांबवली आणि आज तिथे दुसरी बायको केली तर चर्चमधून काढतात. आमच्या टीमचा एक क्लायंट युटाचा आहे. एकदा कॉलवर मी हा विषय काढला, तर पलीकडचा माणूस इतक्या घाईने 'ते आम्ही नव्हे' म्हणाला की मी लगेच डेप्लॉयमेंटवर आले.

आपणही तेच म्हणतो, फक्त बोट दुसरीकडे असतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायका आहेत असं सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया एकूण १.४ टक्के होत्या. हिंदूंमध्ये १.३, मुसलमानांमध्ये १.९. व्हॉट्सॲपवरचे आकडे आठवून बघा.

हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला मुंबई प्रांतात बंदी आली १९४६ मध्ये. १९५१ मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात त्या कायद्याला आव्हान मिळालं, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागलांनी आधार घेतला तो अमेरिकेतल्या १८९० च्या 'डेव्हिस विरुद्ध बीसन' या मॉर्मन खटल्याचा: श्रद्धेला संरक्षण, प्रथेला नाही. त्याच्या दहाएक वर्षं आधी 'रेनॉल्ड्स' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मॉर्मनांना गप्प करायला नवऱ्याच्या चितेवर जाणाऱ्या विधवेचं उदाहरण दिलं होतं. म्हणजे त्यांनी आपली सती वापरली, आपण त्यांचे मॉर्मन वापरले.

पुढे १९६५ मध्ये भाऊराव लोखंडे खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधीच झाले नाहीत, म्हणून गुन्हा नाही. नवरा सुटला. जिच्याशी 'लग्न' झालं ती कोण, हे उरलं. युटात उलटं: कागद नसलं तरी नुसतं एकत्र राहणं गुन्हा धरलं जायचं. २०२० पासून, दोघं सज्ञान आणि राजी असतील तर तो चलानाइतका किरकोळ झालाय. त्यामुळे पोलिसांकडे जायला घाबरणाऱ्या बायका पुढे येतील असं एक म्हणणं, आणि पंथांना मोकळं रान मिळेल असं दुसरं. मला पहिलं पटतं. १९५३ मध्ये शॉर्ट क्रीकवर धाड घालून अडीचशेहून जास्त मुलं उचलली होती, तेव्हा रडणाऱ्या मुलांचे फोटो छापून आले आणि पुढच्या वर्षी गव्हर्नर निवडणूक हरला. त्यानंतर कितीतरी वर्षं त्या गावाकडे कुणी फिरकलं नाही. वॉरन त्याच शांततेत मोठा झाला.

पुस्तक संपलं त्या रात्री मी आजीला विचारलं, "मग तुमच्याकडे चुलीपाशी कोण असायचं?"

"मोठी आई. आई रानात."

"आणि पैसे?"

"डब्याची किल्ली मोठ्या आईच्या कमरेला. आईला बांगड्या भरायच्या तरी तिला मागायला लागायचं." मग थोडं थांबून, "पण मला तापात मांडीवर घेऊन बसायची ती मोठीच आई. आई दमून झोपलेली असायची."

वडील वारले १९७१ मध्ये. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात एक कलम आहे, आजही आहे: एकापेक्षा जास्त विधवा असतील तर सगळ्या मिळून एक वाटा. मी हे आजीला वाचून दाखवलं. तिला कायदा माहीत नव्हता, निकाल माहीत होता. गावच्या जुन्या फेरफाराची झेरॉक्स मामाने कधीतरी व्हॉट्सॲपवर टाकली होती, ती शोधून मी मोठी करून तिच्यापुढे धरली. वारसांच्या रकान्यात दोन्ही नावं होती, एकाखाली एक, आणि दोघींपुढे मिळून एकच महिरपी कंस.

"आईचं खालचं," आजी म्हणाली, आणि चष्मा काढून ठेवला.